मुठीचं माप

प्रिय नौमान,

फोनवर तू “सगळं ठीक आहे आपा” म्हणून ठेवून देतोस आणि माझ्या शेजारी अम्मी कान देऊन बसलेली असते. म्हणून हे पत्र. अक्षरं तुला मीच शिकवली होती, तेव्हा वाचता येत नाही म्हणू नकोस.

इकडे सुलतानपुरात यंदाही कपाशीवर लाल्या रोग आहे. अब्बांच्या सुतारकामात सलग दुसऱ्या वर्षी पेरणीची एकही तिफण करायला आली नाही. ज्वारीची वावरं कपाशीखाली गेली आणि बीटीचं महाग बी बाया हातानंच टोबतात. तिफण लागते कोणाला? त्यामुळे तू ज्यात फायटर आहेस त्या मारामारीच्या सिनेमासाठी लाकडी बंदुका करायचं काम आलं, तेव्हा अब्बांनी फक्त फोटो पाहून होकार दिला. हत्यार म्हणजे बाभूळ, हे त्यांचं ठरलेलं. मुरलेली, घट्ट, जड, तिफणीसाठी जपून ठेवलेली बाभूळ त्यांनी त्यात घातली.

पार्सल द्यायला मीच एसटीनं चिखलीला गेले. कोणाचा गैरसमज नको म्हणून प्रत्येक बंदुकीवर ‘लाकडी आहे, सिनेमासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. कंडक्टर म्हणाला, “ताई, हे वाचेलोक मानूस पयून जाईन!” सगळी एसटी हसली. मी मात्र चिखली येईपर्यंत पिशवीचं तोंड धरून बसले होते.

मागच्या आठवड्यात किसनरावकाकांनी त्या सिनेमाची सीडी आणली. लाइट होती तोवर अर्धी गल्ली आपल्या घरात. तू काळ्या शर्टात बंदूक रोखून उभा राहिलास तेव्हा अम्मीनं पदर तोंडाला लावला. मग हीरोनं गिरकी घेऊन लाथ मारली आणि बंदूक पार छपराकडे. काका अब्बांना ओरडून म्हणाले, “वाहेदभाई, तुमची तिफण बापाच्या मांगं पोरगा वापरे, अन् बंदूक एका लाथीत गेली नं!” खूप हसलो सगळे.

अब्बांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. ते हीरोकडे पाहत नव्हते. बंदूक उडताना तिची नळी तुझ्या मनगटावर बसते आणि तू लगेच हात पोटाशी धरतोस. पुढच्या मारामारीत तुझ्या डाव्या हातात काठी आहे. लहानपणापासून तू डाव्या हातानं साधा दगडही नीट मारला नाहीस.

अब्बा उठून कामाच्या छपरीत गेले. मी मागोमाग गेले, पण दारातच थांबले. नमुना म्हणून एक बंदूक त्यांनी घरी ठेवली होती. ती त्यांनी आपल्याच मनगटावर मारून पाहिली. आधी हळू, मग जरा जोरात. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी हात पाहिलाच नाही. फोटो पाहिला.”

तुला माहीत आहे, नांगराची मूठ तासायची असली तरी ज्याच्या हातात ती जायची त्याचा पंजा ते आधी सुतळीनं मोजतात. माणूस आला नाही तर काम तसंच पडून राहतं.

आता त्यांनी पांगाऱ्याचं लाकूड आणलं आहे. इतकं हलकं की मी दोन बोटांवर तोललं. त्यातून एक बंदूक आकाराला आली आहे, फक्त मूठ चौकोनी ठोकळ्यासारखी सोडली आहे. मी विचारलं, ही का राहिली? तर खिळ्यावरची सुतळी दाखवली आणि रंधा हातात घेतला.

ईदला शूटिंग आहे, घरी येता येणार नाही, असं तू अम्मीला सांगितलंस. तिला ते खरं वाटलं, मलाही वाटलं होतं. अब्बांना नाही. प्लास्टर असेल तर प्लास्टरसकट ये. हात वाकडा जुळला असेल तर तसाच घेऊन ये. माप त्याचंच घ्यायचं आहे.

वाट पाहणारी, तुझीच आपा
मुबीना