व्हॉल्व्ह आधी नुसता तापू द्यावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन कचेरीतून निवृत्त, हौशी रेडिओची परवानाधारक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना "तुमच्यापेक्षा माझंच तपासायला हवं" असे ते म्हणाले, हेही नमूद करते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. कोणाची छाती आहे!

कलम १. घराचा खालचा मजला मुलाला, वरचा मुलीला. जिना दोघांचा. तो इतका अरुंद आहे की समोरासमोर आल्यावर तोंड फिरवायला जागा नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि दागिने, समान भाग. यावर जास्त शाई खर्च करत नाही.

कलम ३. धाकट्या दिरांना माझी तांब्याच्या आकड्याची काठी. माझे रेडिओचे मशीन बंद केले तरी आत व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते या काठीने आधी जमिनीत सोडायचे, मगच हात घालायचा. "वहिनी, बायकांनी असल्या भानगडीत पडू नये," असे म्हणत भाऊजींनी काठीशिवाय हात घातला आणि थेट धुण्याच्या टोपलीत जाऊन बसले. आत थोडेच उरले होते म्हणून वाचले. काठी त्यांनी दिवाणखान्यात टांगावी.

कलम ४. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा टीव्ही बिघडला की बोट माझ्या एरियलकडे. मी स्वतः त्यांच्या टीव्हीला फिल्टर करून बसवला, तरी तेच. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात. म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केले आहे.

कलम ५. आता मुद्द्याचे. वरच्या खोलीतला अॅम्प्लिफायर माझा आवाज समुद्रापलीकडे नेतो. त्यात जुन्या रेडिओत असायचा तसा, पण मोठा, काचेचा व्हॉल्व्ह आहे. तीन वर्षांपूर्वी तो पेटेना. मुलीने आपल्या कपाटात वर्षानुवर्षे जपलेला कोरा व्हॉल्व्ह आणून दिला. मुलाने तो बसवला आणि लगेच विजेचा पूर्ण दाब दिला. फाट्! निळा लोळ, जळका वास, घरभर अंधार.

"तू मला मेलेला व्हॉल्व्ह दिलास," तो म्हणाला.

"चांगला होता. तू मारलास," ती म्हणाली.

मग लहानपणापासूनची सगळी उणीदुणी निघाली. तेव्हापासून दोघे माझ्याशी बोलतात, तेही एकमेकांविषयीच. निवृत्त होऊनही माझे जोडणी करायचे काम काही सुटले नाही.

आई म्हणून नव्हे, तंत्रज्ञ म्हणून निदान लिहिते. पहिला व्हॉल्व्ह मेलाच नव्हता! तो ज्या बैठकीत बसतो तिथला एक चाप ढिला झाला होता, म्हणून आतली तार पेटत नव्हती. चाप मी आवळला. तोच व्हॉल्व्ह आजही चालतो. आणि कपाटात पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये हळूहळू वायू साठतो. त्याला दिवसभर पंखा लावून नुसता तापू द्यायचा, मग थोडा दाब, मग पूर्ण. हे केले असते तर तोही बहुधा जगला असता. देणारी वाईट नव्हती, बसवणाराही नव्हता. घाई नडली. हे दोघांना सांगून पाहिले, तर दोघेही म्हणाले, "तू बाजू घेतेस."

माझ्याजवळ तसाच एक कोरा व्हॉल्व्ह अजून आहे. तो आणि अॅम्प्लिफायर दोघांचा सामाईक. अट एकच: माझ्यामागे दोघांनी एका खोलीत बसून तो दिवसभर तापवावा. एकाने पंखा सांभाळावा, एकाने मीटरच्या काट्यावर नजर ठेवावी. गप्प बसले तरी चालेल, उठून जायचे नाही.

पुरवणी. वरील मजकूर दातांच्या डॉक्टरांनी वाचला आणि चष्मा काढून विचारले, "कलम झकास आहे हो. पण ती दोघं बोलतील तेव्हा तुम्ही कुठे असणार?"

खरखरीतून कुठकुठल्या परक्या माणसांचे आवाज मी कान देऊन ऐकले, आणि माझी दोन लेकरे बोलतील ते मला ऐकू येणार नाही? खरे सांगते, रडू आले.

सबब कलम ५ मधील वाटणी आणि अट मी स्वतः खोडत आहे. मशीन कोणाचे, ते दोघांनी आपसात बोलून ठरवावे. दोघांना वेगवेगळा फोन करून "अॅम्प्लिफायर बंद पडलाय" असे सांगितले. आईला बरे नाही म्हटले असते तर उद्या येतो म्हणाले असते. मशीनसाठी धावत आले.

आता कोरा व्हॉल्व्ह तापतो आहे. दाब दिलेला नाही. दोघे सकाळपासून भिंतीकडे बघत बसले आहेत. मी हे लिहीत असतानाच मुलगा म्हणाला, "पंखा जरा इकडे घे."

"तूच घे ना. हात काय मोडलेत?" मुलगी म्हणाली.

"तुझी जुनी खोड काही जायची नाही."

"आणि तुझी?"

भांडताहेत. लिहिणे थांबवते, मला ऐकायचे आहे.

स्थळ: माझी वरची खोली
दिनांक: ८ फेब्रुवारी, रविवार

सही: दोघांची आई

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना आणि डोळे पुसताना समक्ष पाहिले:
१. समोरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)