स्क्रीन काळी होती

प्रिय वन्सं,

हा शब्द तुला आवडत नाही, फार म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणतेस, म्हणून मुद्दाम वापरला. तुझा निरोप मिळाला. फोनने आपल्या सपाट आवाजात वाचून दाखवला: वहिनी, केस मागे घे, दादा आता बदललाय, आणि सोमवारी मला साक्षीला बोलावू नका, मी तर तेव्हा घरातच नव्हते. मी तो पुन्हा एकदा ऐकला आणि फोन भिंतीवर फेकला. फुटला नाही मेला. तुझ्या दादाच्या हाताला जे जमतं ते मला कुठलं जमायला. उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताने टाईप करतेय. चुका सापडल्या तर पोटात घाल.

तुझा दादा आंधळ्या मुलीशी लग्न करतोय म्हटल्यावर लोकांनी त्याला केवढं डोक्यावर घेतलं होतं, आठवतं? देवमाणूस म्हणायचे. त्या देवमाणसाने पहिल्यांदा मारलं ते त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर माझ्या हातून चहा सांडला म्हणून. डोळस बाईला उगारलेला हात दिसतो, ती निदान मान तरी वळवते. मला फटका बसल्यावरच कळायचा, आणि पुढचा कुठून येणार ते कळायचंच नाही. म्हणून मी त्या घरात कायम खांदे आवळून वावरायचे, आणि तू मला पोक काढू नकोस म्हणून दटावायचीस. तुला यातलं काही ठाऊक नाही असंच मी धरून चालले होते. दात पडला तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, मोरीत घसरले म्हणून. मोरीतच पडला होता, पण मी घसरले नव्हते. त्याने केस धरून माझं तोंड कठड्यावर आपटलं होतं.

त्या घरात मला जीव लावला तो तू. माझ्या पीएचडीचा विषय कारखान्यांतल्या अपघातांचा, तुटलेल्या हातापायांचा, पण तू दुपारी माझ्याशेजारी फतकल मारून बसायचीस आणि ते रुक्ष लेख रहस्यकथा वाचावी तसे रंगवून वाचायचीस. प्रबंध म्हटला की प्रत्येक वाक्यामागे संदर्भ आले. ते साठवायचं, शेवटी त्यांची यादी लावून द्यायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते साऱ्या जगाला वापरता यायचं, मला नाही. स्क्रीनवरचं मला वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर त्यावर गेला की नुसता ‘बटन, बटन, बटन’ करत बसायचा. कोणत्याच बटनाला नाव नाही. त्यातलं हवं ते तू दाबून द्यायचीस. एकदा तू नसताना मी अंदाजाने एक दाबलं आणि वर्षभराचे सगळे संदर्भ पुसले गेले. तुझा दादा दारात उभा राहून हे बघत होता. ते पुसायचं बटन आहे हे त्याला दिसत होतं. दाबून होईपर्यंत तो बोलला नाही, मग पोटभर हसला.

त्या संतापात मी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. तुमच्या घरातल्या प्रत्येक दारावर नुसतं ‘दार’ असं लिहिते, अंधार करते आणि मग संडास शोधायला लावते, असं त्यात होतं. मला वाटलं शिव्या येतील, आली नोकरी. घरबसल्या त्यांचं सॉफ्टवेअर वापरायचं, कुठे अडतं ते बोलून दाखवायचं, आणि ते सगळं तिकडे रेकॉर्ड होणार, म्हणजे प्रोग्रामरला पुन्हापुन्हा ऐकून दुरुस्ती करता येईल. त्या प्रोग्रामरला मी शिंकऱ्या म्हणते, कारण तो माझ्याशी बोलताना शिंकल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही. आम्ही कडाकडा भांडायचो. पण एकेका बटनाला नाव मिळत गेलं. संदर्भ जोडला की ‘जोडला’ असं ऐकू यायला लागलं, पुसण्याआधी ‘नक्की पुसायचं का’ असं विचारायला लागलं. माऊसला हात न लावता मला सगळं करता येऊ लागलं.

आणि मी जसजशी सुटी होत गेले तसतसा मार वाढत गेला. पूर्वी तुम्हा दोघांना विचारल्याशिवाय माझं पान हलत नव्हतं. आता मी त्याला काही मागतच नव्हते, आणि ते त्याच्या डोक्यात जायचं. कामाला बसले की मागून येऊन कानफटात मारायचा आणि विचारायचा, हे नाही का सांगितलं तुझ्या मशीनने. बरगडीला तडा गेला तेव्हा मी खोकला दाबत काम केलं, कारण तिकडे रेकॉर्ड होतंय याची मला लाज वाटत होती. लाज मला वाटत होती, बघ.

त्या दिवशी दुपारी तू बाजारात जाते म्हणालीस, दार लागल्याचं मी ऐकलं. माझी सॉफ्टवेअरची चाचणी चालू होती, तिकडे रेकॉर्ड होत होतं. मी लॅपटॉपची स्क्रीन नेहमी काळीच ठेवते, मला तिचा काय उपयोग. प्रबंधाची संदर्भयादी मी पहिल्यांदा एकटीने लावली, आणि यंत्राने ती कानात धडाधडा वाचायला घेतली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. तेवढ्यात तो आत आला. काळी स्क्रीन बघून त्याला वाटलं यंत्र बंद आहे आणि ही कुणाशी तरी फोनवर खिदळतेय. पहिलीच चपराक कानावर बसली आणि डोकं घणघणायला लागलं, त्यानंतरचं मला धड ऐकू आलं नाही. लाथा कळल्या. त्याने माझा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि गुडघ्याने खण दाबला, ते कळलं. मी त्याच्या मनगटाला चावले आणि सोडलं नाही. रक्त तोंडात आलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने लॅपटॉप उचलून माझ्या डोक्यात घातला. तोवर शिंकऱ्या तिकडून सगळं ऐकत होता आणि दुसऱ्या फोनवर पोलिसांना आमचा पत्ता सांगत होता.

दवाखान्यात तू आलीस. माझं डोकं मांडीवर घेऊन रडलीस, मी घरी असते तर मध्ये पडले असते म्हणालीस. त्या एका वाक्यावर मी हे सगळे दिवस काढले. टाके उसवले तेव्हा, तो जामिनावर सुटला तेव्हा, मी स्वतःला म्हणायचे की त्या घरात निदान एक माणूस माझं आहे.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंनी मला रेकॉर्डिंग ऐकवलं. मी सगळं तिप्पट वेगाने ऐकते, तुला माहीत आहे, तू त्याला उंदरांची भांडणं म्हणायचीस. हे मी मुद्दाम हळू करून ऐकलं. माझं हसू आहे. चपराक आहे. त्यानंतर एक दबका बायकी आवाज आहे. तो म्हणतो, “दादा, थांब जरा, खिडकी लावते.” मग खिडकी लागते, कडी बसते, आणि तो पुन्हा मारायला लागतो. पोलीस येईपर्यंत तू मागच्या दाराने निघून गेली असशील. वकीलबाईंनी विचारलं, ही बाई कोण? शिंकऱ्याला तो आवाज माहीत नाही, पोलिसांना शेजारीण वाटते. तो ओळखणारी जगात मी एकटी आहे, कारण वर्षानुवर्षं मी त्याच आवाजात वाचत आले. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण सोमवारी तेच मला शपथेवर विचारणार आहेत, आणि मी तुझं नाव घेणार आहे. त्याआधी तू स्वतः उभं राहून ते घ्यावंस, एवढ्यासाठीच हे पत्र.

सोमवारपर्यंत तुझीच,
वहिनी