व्हिडिओतल्या बाई थांबल्या तवा

भालकी, सोमवार, २०११

मामाच्या साडीच्या दुकानात मला गिऱ्हाइकाशी बोलायला जमत न्हाई. मामा म्हणला, "दिवाळीपर्यंत तोंड उघडलं न्हाईस तर गावाला, संतपूरला परत जा." म्हणून आज नेटकॅफेत धंदा शिकवायचा व्हिडिओ बघितला. बाई हिंदीत शिकवत हुत्या. मधीच हसून इचारलं, "गिऱ्हाईक उठून निघालं, तर काय म्हणाल?" आन उत्तरासाठी थांबल्या.

कानाला हेडफोन, मी मोठ्यानंच बोलले, "अक्का, बसा की, दुसरा रंग दाखवते."

सगळे हसले. कॅफेवाला अण्णा म्हणला, "अगं, ती बाई काय तुझी साडी घ्यायलीय व्हय?"

मला काय कळत न्हाई का? पण त्या थांबल्या हुत्या. शाळा सुटल्यापासून माझ्या उत्तरासाठी कोण थांबलंय?

उद्या दुकानात हेच म्हणायचंय. निघंल का तोंडातून? तिथं तर समोरच्याला ऐकू जातंय.