हवालदाराच्या अंगावरचे गोचीड

मु. बोरटेक, ता. गोंडपिपरी
पाडव्यानंतरचा सोमवार

आदरणीय धनराजभाऊंना धाकट्या जवायाचा रामराम.

वडशाला तुम्ही सगळे खुशाल असाल, वहिनींची कंबर धरली होती ती सुटली असेल आणि राइस मिलच्या भुशाने तुमचा खोकला वाढला नसेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, तुमची बहीण कमळा जरुरीपेक्षा जास्तच ठीक आहे (खुलासा पुढे येईल), आणि तुम्ही दिलेला कुत्रा मरता मरता वाचला आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण टॉवर मिळतो फक्त तळ्याच्या पाळीवर, आणि तिथे धुणं धुणाऱ्या बायांना आमच्या घरात काय शिजलं ते आमच्याआधी कळलेलं असतं. म्हणून पत्र. पाकीट डिंकाने चिकटवून पट्टीवर आडवी सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर समजा की पत्र वाटेत कोणीतरी वाचलं, आणि मग पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

तुम्हाला आठवत असेल, मागल्याच्या मागल्या दिवाळीत तुम्ही तांदळाच्या कट्ट्यासोबत एक पिल्लूही एसटीत बसवून पाठवलं होतं. (कट्टा मागितला होता, पिल्लू मागितलं नव्हतं, तेव्हाच मला शंका आली होती.) तुमच्या या गावी येऊन राहण्याआधी माझी सगळी नोकरी भद्रावतीला फॅक्टरीच्या गेटवर गेली. आत जाणाऱ्याचा डबा आणि बाहेर येणाऱ्याचा खिसा, हे दोन सोडून मी जगाकडे फारसं पाहिलेलं नाही. म्हणून पिल्लाचं नाव हवालदार ठेवलं. मोठा होऊन तो चांगला निघाला, भुंकण्यात तर माझ्यापेक्षा सरस. पण होळीच्या सुमारास त्याच्या अंगावर गोचीड दिसू लागले. कानाच्या आत, बोटांच्या फटीत, शेपटीच्या मुळाशी, म्हणजे माणूस जिथे चोरीचा माल लपवतो अगदी तशाच जागी. मी रोज संध्याकाळी त्याला ओट्यावर आडवा पाडून झडती घ्यायचो. एका हातात चिमटा, शेजारी फुटक्या मगात रॉकेल, आणि एकेक गोचीड मुळापासून ओढून त्यात सोडायचो. कुत्रा साफ करून झोपायचं आणि सकाळी उठून पाहावं तर नवे गोचीड हजर. आता संध्याकाळी नव्हता तो माल सकाळी कुठून येतो? गेटवरच्या माणसाला याचं एकच उत्तर सुचतं, की कोणीतरी आणून ठेवतो.

उपाय कमी केले नाहीत. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळी घातल्या. करंजाचं तेल चोळलं, तर तो जाऊन माझ्याच गादीवर लोळला. भिंतीच्या भेगांत गोचीड अंडी घालतात म्हणून सगळ्या भेगा चुन्याने बुजवल्या. शेजारच्या खुशालने तंबाखू भिजवलेल्या पाण्याने धुवायला सांगितलं. ते मी केलं नाही, कारण खुशाल कधी फुकट सल्ला देत नाही. (पुढे डॉक्टर म्हणाले की ते पाणी कुत्र्याच्या पोटात गेलं असतं तर तो दगावलाही असता. खुशालचं नाव मी मनात नोंदवून ठेवलं.)

पहिला संशय मात्र केसरबाईवर गेला. तिच्या गोठ्याची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे आणि तिच्या दोन गाई सतत मान खाजवत असतात. विरजण मागायच्या निमित्ताने मी आत गेलो आणि गाईच्या कानात बॅटरी मारून पाहिली. गाईने लाथ मारली ती मांडीवर बसली. लंगडत बाहेर आलो तर अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. केसरबाईला गुडघ्यांमुळे नळापर्यंत जाववत नाही, तरी अंगणात एवढी फुलं. हे मी पाहिलं, पण त्या दिवशी मी गोचीड शोधत होतो, फुलं नाही, म्हणून सोडून दिलं.

दुसरा संशय खुशालवर. कारण एका सकाळी हवालदाराच्या तोंडाला मोहाचा गोडसर वास आला, आणि दिवसभर तो पाय पसरून असा झोपला की घरासमोरून डुक्कर गेलं तरी त्याने डोळा उघडला नाही. मी म्हटलं, बरोबर, खुशाल मागच्या बाजूला भट्टी लावतो आणि आपल्या कुत्र्याला पाजून गप्प करतो. दोन दिवस त्याच्या परसावर नजर ठेवली. भट्टी निघाली नाही, दात घासायची राखुंडी निघाली. खुशाल तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि न बोलणारा माणूस काहीतरी लपवतो हा माझा जुना अनुभव आहे. तिसरा संशय, राग मानू नका, तुमच्यावर गेला. कुत्र्याची जातच गोचीडवाली असेल आणि तुम्ही म्हणूनच ते पिल्लू आमच्या गळ्यात मारलं असेल, असं मी कमळाला बोललो. तुमच्याबद्दल वाकडं बोललं आणि कमळा गप्प बसली, असं आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं. तिथेच मी जागं व्हायला हवं होतं.

मग हवालदाराने खाणं सोडलं. मटणाचं हाडूक पुढे ठेवलं तरी मान वळवून घेतली. हिरड्या पांढऱ्या पडल्या, अंग तव्यासारखं तापलं. त्याला कमळाच्या शालीत गुंडाळून स्कूटरवर पायांमध्ये ठेवलं आणि गोंडपिपरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. कमळा मागे बसून वाटभर रडत होती. (माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला ती इतकी रडली नव्हती. हेही नोंदवून ठेवलं.) डॉक्टरांनी गोचीडताप सांगितला, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि चिमट्याने दोन-चार गोचीड काढून टेबलावर ठेवत म्हणाले की हे गवतातून चढलेले दिसतात, रानातले. औषध मी देतो, पण हा जातो कुठे ते तुम्ही शोधा. असाच ताप पुन्हा आला तर हा पावसाळा बघणार नाही.

घरी आणून मी त्याला साखळी लावली. आठवड्यात त्याने शेपटी हलवली, भाकर खाल्ली. त्यानंतर एका सकाळी उठून पाहतो तर कुत्रा मोकळा, कानामागे नवा गोचीड, आणि साखळी खिळ्याला नीट अडकवून ठेवलेली. भाऊ, कुत्रा साखळी तोडेल, पण खिळ्याला अडकवून ठेवणार नाही. म्हणजे चोर हाताचा होता, घरात येणारा होता, आणि स्वभावाने टापटिपीचा होता. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून भाताच्या तणसाच्या ढिगामागे जाऊन बसलो. (नोकरीत रात्रपाळ्या इतक्या केल्या की आता आठाच्या आत माझा डोळा उघडत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि घरात आम्ही दोघंच आहोत.) थोड्या वेळाने दार उघडून कमळा बाहेर आली. डोक्यावर टोपली, बगलेत खराटा, हातात काठी. तिने साखळी सोडली, खिळ्याला अडकवली, आणि दोघं निघाले. ही बाई मला होळीपासून सांगत होती की शुगरसाठी केसरबाईच्या सुनेबरोबर फिरायला जाते. मी गावभर तिचं कौतुक केलं होतं. अख्ख्या गावाची झडती घेतली, फक्त जिच्या हातचं खातो तिची घ्यायची राहिली.

मी मागोमाग गेलो. शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, नाला ओलांडून, सूर्य उगवल्याशिवाय आत जाऊ नये असा जो वनखात्याचा फलक आहे त्याच्याही पलीकडे. मागच्याच महिन्यात तिथून वाघाने गावातल्या वारलूचा गोऱ्हा उचलला होता. मी चाल वाढवली. रागाने नाही, भीतीने, आणि माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. पुढे तुमच्या बाबांचं मोहाचं झाड आलं. (ते रानात निघताना धुतलेला पांढरा सदरा घालत. मी नवा जवाई होतो, मला वाटायचं, सासरेबुवा पहाटे एवढे नटून कोणाला भेटायला जातात? तेव्हाही शंका होतीच.) झाडाखाली कमळा पाला झाडत होती, आणि हवालदार पोटाएवढ्या गवतात तिच्याकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून बसला होता. कान ताठ. अशी ड्युटी मी नोकरीत कोणाला करताना पाहिली नाही, मी स्वतःसुद्धा केली नाही. त्याचे गोचीड कुठून येतात ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी झुडपातून बाहेर आलो. हवालदार माझ्यावर धावला आणि कमळाची काठी माझ्या उजव्या खांद्यावर बसली. मग ती म्हणाली, "तुमी हाव काय? मले वाटलं मोठा आला." (रानात ती वाघाचं नाव घेत नाही, मोठा म्हणते.)

मी विचारलं की हे काय चाललंय. तिने टोपली खाली ठेवली.

"बाबाचं झाड हाय. बाबा गेले तवापासून दोन सालं कोनी झाडलं नाई. औंदा बी नाई झाडलं, तं जो झाडन त्याचं होते. दादा वडशाले हाय, त्याले टाइम नाई. मंग मी नाई तं कोन झाडन?"

"मले काऊन नाई सांगतलं?" मी म्हटलं. (भांडताना माझीही भाषा गावची होते.)

"सांगतलं असतं, तं तुमी मले गेटवरूनच वापस पाठवलं असतं."

वाटेत मी तिचा बाकीचा जबाब घेतला. फुलं ती केसरबाईच्या अंगणात वाळत घालते, केसरबाईला सगळं माहीत आहे, आणि ज्या गाईने मला लाथ मारली तिलाही बहुतेक माहीत असावं. घरी येताच मी सक्त बंदी घातली. कुत्राही जाणार नाही, बाईही जाणार नाही. कमळा "बरं" म्हणाली. इतक्या लवकर ती आजवर कशालाच "बरं" म्हणाली नव्हती, त्यामुळे मी अजून बेफिकीर नाही. तुम्ही मोठे भाऊ आहात, तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तुम्हीही तिला एक कडक पत्र पाठवा, ही विनंती. वहिनींना नमस्कार, तुमच्या पुनमला आशीर्वाद.

तुमचा,
भैयाजी

ता. क. – कडक पत्र पाठवू नका. विचार केला, तर बंदीने प्रश्न सुटत नाही. परवा त्या झाडाखाली दुसऱ्याच कोणाच्या खराट्याच्या खुणा सापडल्या. फटकारे उलटीकडून मारलेले, म्हणजे माणूस डावखुरा असावा. गावात डावखुरा कोण ते मी शोधतो आहे (खुशाल जेवतो उजव्या हाताने, पण ते लोकांसमोर). प्रकरण हाताबाहेर जाण्याआधी तुम्ही स्वतः या. घरच्या मुलाने गावासमोर एकदा झाडलं की पुढे कोणाची बोलायची हिंमत होणार नाही. फुलं अजून थोडे दिवस पडतील.

ता. क. २ – येताना वडशाच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे आणि मोठ्या आवाजाची एक शिट्टी आणा. मोजे माझ्या मापाचे. कारण विचारू नका.

दादा, मी कमळा. पाकीट वाफेवर धरलं तं उघडलं. वरची सही मी केली, इतक्या सालाची पाह्यलेली सही हाय, जमते. जवायचं सारं खरं मानू नको. झाडाखाली दुसरं कोनी आलं नाई. त्या खुना त्यायच्याच हायेत. माह्या काठीनं उजवा खांदा सुजला, मनून डाव्या हातानं झाडून राह्यले. बंदी घातली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माह्या आंधी उठून दारात उभे होते. हे रस्ताभर तोंडानं शिट्टी वाजवते, सारं जंगल जागं करते. घरी आलो का मी झडती घेते, आंधी हवालदाराची, मंग त्यायची. हात वर करा मनलं का करते. काल पाठीवरून मोठा गोचीड निंगला, तं कोनं टाकला मनून मलेच विचारत होते. हवालदार आता बरा हाय, डाक्टरनं दर महिन्याची गोळी देल्ली.

पन झाडाचं खोटं नाई, दादा. लोकं विचारून राह्यले, झाड कोनाचं मनून. मी सांगते, माह्या भावाचं. आजपर्यंत तुह्याच नावानं झाडलं. तू ये, एकडाव तुह्या हातानं झाडून जा. आन येताना पांढरा सदरा घालून ये, बाबा घालत होते तसा. त्याच्यावर गोचीड झट दिसते.