सेकंदाला साठ चित्रं

१ मार्च, रविवार
टीव्ही आला. प्लेअरही आला. जुना टीव्ही हिने बेडरूममध्ये नेला, मी नको नको म्हणत असताना.
आजपासून नोंद ठेवणार. सव्वीस वर्षं वजनमापं निरीक्षक आहे, लोकांचे तराजू तपासतो. घरात एवढं यंत्र आलंय, त्याची नोंद नको?
साधा सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो. हा साठ दाखवणार. हाय फ्रेम रेट. हिला सविस्तर समजावलं. ही म्हणाली, चोवीसच्या सिनेमातसुद्धा तुम्ही घोरता. दुर्लक्ष केलं.

४ मार्च
संकल्प: डिस्कचं सील लेक येईपर्यंत फोडायचं नाही. जहाजावरचा सिनेमा आहे, खास साठ चित्रांवर काढलेला.
लेक म्हणजे बबडी. वय एकोणतीस, पण बबडीच. जावईबापूंची परदेशी बदली झाली, आता तीन वर्षं भेट नाही. ती कुठे निघाली की आदल्या आठवड्यात आम्ही दोघं एक सिनेमा बघतो. हॉस्टेलला जाताना बघितला, नोकरीला जाताना बघितला, लग्नाच्या आदल्या दिवशी घरभर पाहुणे असतानाही बघितला. अर्ध्यात ती माझ्या खांद्यावर झोपते. खांदा बधिर होतो, पण मी हलत नाही. या वेळचा सिनेमा तिला तीन वर्षं पुरला पाहिजे.

८ मार्च, रविवार, सायंकाळी ७
बबडी आली. चहा झाल्या झाल्या सील फोडलं. ती डाव्या बाजूला, मी उजव्या.
घोर निराशा. चित्र भलतंच खरं दिसत होतं. कप्तानाची दाढी चिकटवलेली आहे हे सोफ्यावरून कळत होतं. एवढा मोठा सागर, पण कोणीतरी गच्चीवर पाणी भरून शूटिंग केल्यासारखा. हिच्या दुपारच्या मालिकेत आणि त्यात काडीचा फरक नाही. बबडी म्हणाली, बाबा, कप्तान आपल्या हॉलमध्येच उभा आहे असं वाटतंय. बिचारी, मला वाईट वाटू नये म्हणून गोड शब्दांत तक्रार करत होती.
बाराव्या मिनिटाला बंद केला. ती म्हणाली, बाबा, चालू द्या ना. म्हटलं, लेकीला सदोष माल दाखवणाऱ्यातला मी नाही. उद्या दुरुस्त होईल. दहा मिनिटांचं काम.

९ मार्च
रजा टाकली. दोष केबलचा असणार. टीव्हीबरोबर आलेली काढून जुन्या कपाटातली लावली. पडदा काळा. मधूनच एखादी वीज चमकते. ही म्हणाली, वादळाचा सीन असेल.

१० मार्च
टीव्हीच्या मेनूत शिरलो. आत एकेचाळीस सेटिंग्ज आहेत. सगळी बदलून बघितली. चित्र परत आलं, पण कप्तान हिरवा झाला. बबडी दोनदा हाक मारून गेली, पत्ते खेळायला चला म्हणून. म्हटलं, आलोच.
मान धरली आहे. बाम सापडत नाही.

११ मार्च
टीव्ही भिंतीपासून ओढून मागे शिरलो. बबडी सोफ्यावर बसून मोबाइलवर काहीतरी करत होती. आजकालच्या मुलांना मोबाइलशिवाय करमत नाही. आईबापांसाठी वेळ म्हणून नाही.

१२ मार्च, दुपारी ३
जमलं! प्लेअरच्या मेनूत एक आकडा खाली आणला आणि काय सांगू, थेट थिएटरसारखं चित्र. दाढी खरी, सागर खरा. याला म्हणतात साठ! आकडा खाली आणल्यावर चित्रं वाढली कशी, हे नीट कळलं नाही, पण उलटा काटा असलेले तराजूही मी पाहिलेत. माझ्या नजरेला कोण फसवणार?
बबडीला दाखवायला गेलो तर ती सासरी गेलेली. दोन दिवस तिकडेच. सकाळी निघताना सांगून गेली म्हणे. मी टीव्हीच्या मागे होतो.

१४ मार्च
बबडी रात्रीच्या जेवणापर्यंत आली नाही. एकट्याने सिनेमा बघायचा नाही, हा नियम. फक्त सुरुवात सात वेळा तपासली.

१५ मार्च, रविवार
आली. बसलो. चित्र उत्तम, आवाज गायब. कालच्या तपासणीत कुठलं तरी बटण दाबलं गेलं असावं. आवाज सापडेपर्यंत तिच्या मैत्रिणी निरोप द्यायला आल्या. त्यांनाही साठ चित्रांची माहिती दिली. त्या लवकर गेल्या.

१६ मार्च
शेवटचा दिवस. बॅगा दारात. सगळी कामं टाकून बबडी चार वाजता स्वतःहून सोफ्यावर येऊन बसली. म्हणाली, बाबा, कसंही दिसू दे, लावा.
लावला. वीस मिनिटं सुरळीत. मग जहाज वळलं आणि चित्र कचकलं, झटके खात सरकायला लागलं. ती म्हणाली, राहू दे, उठू नका. म्हटलं, दोनच मिनिटं.
मी परत बसायला आलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. बबडी उशीला टेकून झोपली होती. उशी नवीन आहे, मऊ आहे.

१७ मार्च
सकाळी गेली. निघताना तिने मिठी मारली. माझ्या हातात रिमोट होता.
तिला सोडून घरी आल्यावर ही भाजी निवडत बसली, दोन माणसांची.

२१ मार्च
कचकण्याची तक्रार केली होती, म्हणून कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस. बूट काढताना विचारलं, काय त्रास आहे. दोन मिनिटं बघून म्हणाला, प्लेअर चोवीसवर बांधून ठेवलाय, कचकणारच. हे कोणी केलं? म्हटलं, घरात माणसांची ये-जा असते.
त्याने आकडा वर नेला, टीव्हीबरोबरची केबल लावली. पडद्यावर कप्तान आला. चिकटवलेल्या दाढीचा. गच्चीवरच्या पाण्यातला.
मी म्हटलं, हाच तर बिघाड! तो म्हणाला, साहेब, साठ चित्रं अशीच दिसतात. खरं दिसतं म्हणून सवय नसलेल्याला खोटं वाटतं. नवा सेट लावल्यावर पहिल्या दिवशी असंच दिसलं असेल ना? मी म्हटलं, आठवत नाही.
आठवतंय. आठ तारीख, बारा मिनिटं. सव्वीस वर्षं लोकांची मापं तपासली आणि घरात आलेलं एकच बरोबर माप मी नापास केलं. पोरगी सांगत होती, चालू द्या.
ही सगळं ऐकत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  नेहमीसारखा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२२ मार्च, रविवार
बबडीने व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलंय, बाबा, मुद्दाम साठवर काढलाय, तुमच्या टीव्हीवर बघा.
लावला. अकरा तारखेचा निघाला. आपला हॉल, आपला टीव्ही, आणि टीव्हीच्या मागून बाहेर आलेले माझे दोन पाय. मधूनच पाठ. माझा आवाज येतो, दोन मिनिटं, झालंच. तिचा आवाज येतो, बाबा, या ना बसायला. पुन्हा माझा, झालंच. शेवटी ती मोबाइल स्वतःकडे वळवते, हसते, आणि शेजारची माझी रिकामी जागा दाखवते.
आठ मिनिटांचा आहे. एकदाही कचकला नाही. डोळ्याला पाणी आलं ते लपवता आलं नाही.
ही विचारायला आली, आता तरी नीट दिसतंय का. म्हटलं, सगळं दिसतंय. मग ती बबडीच्या जागेवर बसली आणि म्हणाली, परत लावा. मी उठलो नाही. रिमोट तिच्याकडे दिला.