पप्पांनी टाइप केलेल्या ओव्या

रविवार, १२ ऑक्टोबर २००८
अंबरनाथ पूर्व

विंडोजच्या जोडीला उबुंटू ही दुसरी सिस्टिम टाकली, कॉम्प्युटर चालू केला तर सरळ उबुंटूच. विंडोज कुठाय? पप्पांनी रिटायर झाल्यावर टाइप केलेल्या आजीच्या सगळ्या ओव्या त्यातच. मी रडायलाच लागले.

पप्पा म्हणाले, "गेल्या तर गेल्या. मला पाठ आहेत."

आणि चक्क गायला लागले. साधं गुणगुणतानाही मी त्यांना कधी ऐकलेलं नाही. आई गॅस बंद करून दारात उभी. तिनेही नव्हतं ऐकलं.

मी कॉम्प्युटर परत चालू केला. या वेळी सुरू होताना येणारी सिस्टिम्सची यादी नीट वाचली, तर शेवटच्या ओळीत विंडोज. ओव्या जशाच्या तशा.

सांगायला वळले. पप्पांचे डोळे मिटलेले, आवाज आजीसारखा. मग सांगायचं राहू दिलं आणि मी पण ऐकत बसले.