वादळाचा काय दोष

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
घटस्थापना. आजपासून राग बंद. कायमचा.

काल मिक्सरचं भांडं फुटलं. म्हणजे मी भिंतीवर हाणलं, पण झाकण बसतच नव्हतं, त्याला मी काय करणार? कस्तुरी म्हणाली, दसऱ्यापर्यंत घरात माझ्या हातून एक जरी वस्तू फुटली, तर ती पुण्याची ट्रान्सफर घेऊन निघून जाईल. एकटी. अकरा वर्षांच्या संसारात बायको इतकं शांतपणे कधी बोलली नव्हती.

पण उपाय सापडलाय. शुक्रवारी ऑफिसात केऑस थिअरीवर सेशन होतं. कुठेतरी फुलपाखराने पंख हलवले की भलत्याच गावात वादळ येतं. सुरुवातीला केसाएवढा फरक, शेवटी हाहाकार. बाकीचे जांभया देत होते, मी नोट्स घेतल्या. माझा राग हे वादळ. वादळाचा काय दोष? फुलपाखरू धरायचं. रोज मूळ कारण शोधून इथे टिपायचं.

२३ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८
ऑफिसला जाताना सिल्क बोर्ड चौकातल्या सिग्नलला एका कॅबचा आरसा तोडला. बुक्कीने. हात टम्म सुजलाय. ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. समजलं नाही, पण टोन समजला.

ॲनालिसिस: उपम्यात मीठ जास्त, म्हणून दोन ग्लास पाणी, म्हणून निघताना परत बाथरूम, म्हणून चार मिनिटं उशीर, म्हणून नेमका तोच कॅबवाला. मूळ कारण: मीठ. कस्तुरीला डायग्राम काढून दाखवला. ती हं म्हणाली आणि बर्फ आणून दिला.

आरसा घराबाहेर फुटला, सबब धरायचा नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
नीलिमा म्हणजे आमची मॅनेजर, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सगळ्यांदेखत म्हणाली की माझे आकडे चुकलेत. मी खुर्चीला लाथ मारली. खुर्ची काचेच्या दारावर गेली. काच जुनी असावी.

नीलिमाने काही दिवस घरूनच काम करायला सांगितलंय. म्हणजे आता इतका विश्वास टाकतात माझ्यावर. एचआरचंही ईमेल आलंय, सावकाश वाचू.

मूळ कारण: एसी बावीसवर होता.

घरी आलो तर कस्तुरीने दसऱ्याची साफसफाई काढलेली. माळ्यावरच्या बॅगासुद्धा खाली काढून पुसल्या. कपडे घड्या करकरून वेगळे ठेवतेय. मूड चांगला दिसला. थिअरी काम करतेय.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपार
फ्रिजला बुक्की. (लिंबू सापडत नव्हतं.) पोचा आला. पोचा म्हणजे फुटणं नव्हे, हे कस्तुरीला नीट समजावलं. पाऊण तास. ती बरं म्हणाली. वाद घातला नाही, ही केवढी प्रगती.

हात पुन्हा सुजला.

२९ सप्टेंबर, सोमवार
शेजारचे रघुनंदन अण्णा आले. यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे कन्नड मुलखात आलं, मराठी बोलतात पण मध्येच कन्नड शिरतं. मागच्या मार्चमध्ये पार्किंगवरून मी त्यांची कॉलर धरली होती. त्यांनी मनावर घेतलेलं नाही. निदान बोलून दाखवत नाहीत.

म्हणाले, बुधवारी आयुधपूजा. इथे गाड्यांची पूजा करून पुढ्यात कोहळा आपटून फोडतात, दृष्ट निघते. दरवर्षी ते फोडतात, यंदा खांदा दुखतोय, तर मी फोडीन का? स्वल्प जोर लागतो, एवढंच.

डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या बिल्डिंगमधून माझी निवड. शिवाय साठलेला सगळा राग एका कोहळ्यात काढून टाकायचा. अधिकृत फोडणं. सायंटिफिक आहे हे.

कस्तुरीला सांगितलं. तिने विचारलं, घराबाहेरच ना? म्हटलं, हो गं, गेटपाशी.

१ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ६
सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

सकाळी दहा. अकरा गाड्या धुऊनपुसून, हार घालून, चाकांखाली लिंबं. कोहळ्यात कुंकू भरलेलं, वर कापूर. ओवाळला, उचलला, आपटला. एकाच फटक्यात ठिकऱ्या. टाळ्या पडल्या. इथे थांबायचं असतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाकीच्या गाड्यांसाठी आणलेले दहाही फोडले. चौथ्याला नीलिमा दिसत होती, सहाव्याला कॅबवाला. सातव्यापासून कुणीच दिसत नव्हतं, नुसतं बरं वाटत होतं. टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही.

मग सगळीकडे लाल चिखल. अण्णा पुढे आले, सरी सरी, पुरे झालं म्हणत माझा हात धरायला, आणि घसरले. मनगट मोडलं.

चूक साफ आहे: वॉचमन मानसिंगने फोडी लगेच बाजूला करायला हव्या होत्या. तो झाडू घेऊन लांब उभा होता. जवळ का आला नाहीस विचारलं तर म्हणाला, साहेब, भीती वाटली. एवढंच म्हणाला. मी त्याची मान धरून त्याला गेटवर दाबला. दोनदा, फार तर तीनदा. ओठ फुटला, तो त्याच्याच दातांनी. सोडवायला चौघं लागले. मी मात्र आतून पूर्ण शांत होतो.

कस्तुरी खाली आली. मानसिंगची माफी मागितली, त्याचा झाडू घेतला आणि सगळं गेट झाडून धुतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मूळ कारण: अण्णांचा खांदा. ते झोपतात कुशीवर, म्हणून.

मुद्दा असा की घरात काहीही फुटलेलं नाही. उद्या दसरा. जिंकलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार
कस्तुरी गेली. सकाळी सहाला. चार बॅगा, सगळ्या भरलेल्या.

मी म्हटलं, नियमाने बघ, घरातली एकही वस्तू फुटलेली नाही. फ्रिज चालू आहे.

ती म्हणाली, "ट्रान्सफरला मी कधीच हो म्हटलंय, प्रणीत. तेरा सप्टेंबरला. मला बांधाबांध करायला थोडे शांत दिवस हवे होते, म्हणून अट घातली."

मी म्हटलं, मग कारण सांग. एक काहीतरी छोटं कारण असणारच, तेवढं दुरुस्त करतो.

"मला तुझी भीती वाटते. रोज वाटते. तुझ्या हातात काहीही असलं की वाटते."

दार लावून घेतलं तिने. आवाज न करता.

रडलो. मग डायरीत तेरा सप्टेंबर काढला. फुलपाखरू तिथेच असणार. माझंच अक्षर:

'शनिवार. विशेष काही नाही. दुपारी झोप छान लागली. नवीन इस्त्री घ्यायला हवी, भिंतीला पुट्टीही. कस्तुरी उगाच मध्ये उभी होती, पण लागलं नाही. बाकी दिवस शांत.'